दाट साराचा डबा

अक्का, तुझ्या हयातीत मी तुला एकदाही 'तू' म्हटलं नाही. थोरल्या जावेला अगंतुगं करायची आपल्यात पद्धत नाही, आणि केलं असतं तर तू तोंड फोडलं असतंस. आज तुला जाऊन अकरा दिवस झाले. आता मी तुला तूच म्हणणार आहे. सहन होत नसेल तर उठून ये आणि मार. पळी चुलीशेजारी खुंटीला आहे, मी हलवलेली नाही.

भेटायला येणारी माणसं म्हणतात, मोठी शांत बाई होती. मी मान हलवते. माणूस मेलं की सगळ्यांना ते शांतच वाटतं. मला आठवते ती तुझी पळी. लग्न होऊन मला आठ दिवस झाले होते. माझं माहेर गेवराईकडचं, गोदाकाठचं, खाण्यापिण्याची ददात नसलेलं. सकाळी टोपलीत दोन शिळ्या भाकरी दिसल्या, त्या मी म्हशीपुढे टाकल्या. मागून येऊन तू माझ्या मनगटावर अशी पळी हाणलीस की हिरव्या बांगड्या फुटून गोठ्यात पडल्या. "शिळी भाकर जनावराला? तुज्या बापाच्या घरी सोन्याची जवारी पिकती का गं?" मग त्याच हातानं माझं रक्त पुसलंस, म्हशीपुढची एक भाकर उचललीस, झटकलीस, कांदा-मिरचीवर परतून तिचे कुटके केलेस आणि माझ्यासमोर बसून मला खायला लावलेस. मी रडत खाल्ले. चव चांगली होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आणि माझ्या नवऱ्यानं, म्हणजे तुझ्या दिरानं, पहिल्यांदा माझ्यावर हात उचलला तेव्हा तू चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आलीस. त्याच्या दंडाला टेकवलंस. मांस जळाल्याचा वास अंगणभर झाला. "ही माजी हाय. हिला मारायचं आसंल तर मी मारीन," म्हणालीस. त्यानं पुन्हा हात उचलला नाही. मरेपर्यंत उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. या एका गोष्टीसाठी मी तुझं काहीही ऐकलं असतं, आणि ऐकतच आले.

तू कारखान्याच्या गेस्ट हाऊसला स्वयंपाकीण होतीस. सहकारी कारखाना नवा होता, शेअर घेतलेला प्रत्येक शेतकरी मालकासारखा ऐटीत चालायचा, आणि मुंबईहून साहेब आले की चेअरमनला त्यांच्यापुढे 'सूप' ठेवायची हौस यायची. गेस्ट हाऊस म्हणजे निजामाच्या वेळचा जुना बंगला. त्याच्या कपाटात तुला एक पाकपुस्तक सापडलं. कव्हर नाही, पुढची पानं उंदरानं खाल्लेली, कुणी लिहिलं त्याचा पत्ता नाही. तुला वाचता येत नव्हतं. मी सातवी पास. म्हणून तू मला कणीक मळायला नेलं असं सगळ्यांना सांगितलंस आणि माझ्याकडून पुस्तक वाचून घेऊ लागलीस.

त्यात फ्रेंच लोकांच्या दाट सारांवर एक अख्खं प्रकरण होतं. वाटाण्याचं, गाजराचं, भोपळ्याचं. लिहिणारा भारी हुकमी माणूस असावा. ठेचावे, रगडावे, कापडातून पिळावे, पुन्हा रगडावे. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि मध्येच म्हणायचीस, "ह्यो बाबा माज्यासारखा हाय. सरळ बोलणं न्हाईच." लोण्यात पीठ भाजून सार दाट करावं असं आलं तेव्हा तू मांडीवर थाप मारून हसलीस. "आगं, येसर म्हन की. आपली आज्जी काय फ्रान्सला गेलती का?"

मग शिळ्या पावाचं सार आलं. पाव कुस्करून पाण्यात किंवा हाडांच्या रश्शात मंद आचेवर शिजवत ठेवायचा, एकजीव होऊन त्यात पळी उभी राहीपर्यंत. तू डोळे उघडलेस. मला पुन्हा वाचायला लावलंस. मग विचारलंस, "फ्रान्स कुठं आलं गं?"

"लई लांब. समुद्राच्या पलीकडं."

"तितं बी दुष्काळ पडत आसंल. उगं कुणी शिळा पाव शिजवीत न्हाई."

पुस्तकात दुष्काळाचं नावसुद्धा नव्हतं. लोणी होतं, अंड्याचा बलक होता, चांदीच्या वाडग्याचा उल्लेख होता. त्या सगळ्याच्या तळाशी असलेली भूक तुला दिसली. मला वाचता येत होतं पण ते दिसलं नाही.

मिठावरून आपलं भांडण तिथेच सुरू झालं. पुस्तकात लिहिलं होतं, मीठ आधी घालावं म्हणजे सारात मुरतं. तू म्हणायचीस, आटणाऱ्या पदार्थात आधी मीठ घालणारा मूर्ख, शेवटी खारट होतं. मी पुस्तकाच्या बाजूनं भांडले. पन्नास वर्षं भांडले. तू माझ्या अंगावर कणकेचा गोळाही फेकलास एकदा, या मिठापायी.

बहात्तरचा दुष्काळ आला आणि चेष्टा संपली. ऊस नाही, कारखान्याची चिमणी थंड. धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. ज्यांना घण उचलत नव्हता ती म्हातारी माणसं आणि लेकरं घरी बसून वाळत होती. तू सरळ चेअरमनच्या ओसरीवर गेलीस. मी तुझ्यामागे पुस्तक घेऊन उभी. तू म्हणालीस, "सभासदाच्या घरटी एक शिळी भाकर द्या. येक डेग द्या. बाकी मी बघते." चेअरमनला त्यात आपलं नाव दिसलं असेल. त्यानं होकार दिला. रोज सकाळी भाकरी गोळा करायचं आणि कुणाच्या घरून आली त्याची यादी ठेवायचं काम सोसायटीच्या सेक्रेटरीकडे दिलं. दिगंबर सेक्रेटरी. तेव्हा तिशीतला, सडपातळ, हसला की मोत्यासारखे दात. त्या दातांवर गावातल्या निम्म्या पोरी भाळल्या होत्या, हे तुलाही ठाऊक होतं.

रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोच्या, त्या अमेरिकेच्या जवारीच्या भाकरी त्या. शिळ्या झाल्या की दगड. तू त्या मुसळानं कुटायचीस, भिजवायचीस, मूठभर डाळ, येसर, वाळल्या मिरचीची फोडणी. लोखंडी उलथन्यानं ढवळून ढवळून डेगीत उलथनं उभं राहिलं की खाली उतरवायचं. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्यानं थाळी तुझ्या छातीवर फेकली. "हे म्हशीचं आंबोण हाय. आमी जनावरं न्हाई." त्याच्या अंगात तेवढंच बळ उरलं असेल. तू थाळी उचललीस, पुन्हा भरलीस, त्याच्यासमोर उभ्यानं अर्धी खाल्लीस आणि उरलेली त्याच्या हातात दिलीस. "आता माजं उष्टं हाय. खातो का मारू?" त्यानं खाल्लं. आठ दिवसांत लोक थाळी चाटू लागले.

मग ओढ्यापलीकडच्या वस्तीतून एक बाई आली. लांब उभी राहिली. म्हणाली, "आमची बी माणसं जेवत्यात हितं, येगळ्या रांगंत का होईना. मंग आमची बी भाकर घ्या की. फुकट खायला लाज वाटती." तू क्षणभर तिच्याकडे बघितलंस आणि टोपली पुढे केलीस. सेक्रेटरीनं यादीवरून मान वर केली. तो म्हणाला, "अक्का, हे निभंल का?" तू म्हणालीस, "डेगीत भाकर वळखू येती का तुमाला? मला तर येत न्हाई. लिवा त्यांचं नाव." त्यानं लिहिलं. ओढ्याच्या अलीकडे हे तिघांनाच ठाऊक होतं. तू, तो आणि मी.

वीस-बावीस दिवस ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या भाकरी एका डेगीत शिजल्या आणि सगळ्या गावानं त्या खाल्ल्या. कुणाच्या पोटात दुखलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. तोंड वर करून सांगायचं म्हणून हे लिहायला बसले.

टँकरच्या रांगेत डायरेक्टरची सून माझ्यापुढे होती. तिचा सासरा कारखान्याच्या मंडळावर, आणि गावात त्याच्यापुढे कुणी जोरात खोकत नसे. ती मला म्हणाली, "तुमची अक्का लई मोठी झाली मनं. काय घालती एवढं त्या लगद्यात?" तिच्या घरातली म्हातारी रोज आपल्या डेगीतलं सार मागवून घेत होती आणि वर ही लगदा म्हणते. माझं डोकं फिरलं. मला तुझा अभिमान वाटत होता, अक्का. नुसता अभिमान नाही, माज आला होता. मी म्हटलं, "समद्यांच्या भाकरी घालते. ओढ्यापलीकडच्या बी. तुमच्या सासूबाईला लागली का चव येगळी?"

तिचा चेहरा बघून मला बरं वाटलं. घागर घेऊन घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसायच्या वेळी डायरेक्टरचे आठजण आले. काठ्या होत्या, एकाच्या हातात उसाचा कोयता होता. आधी त्यांनी वस्तीच्या रांगेवर काठ्या चालवल्या. बसलेल्या माणसांवर. हातात थाळ्या असलेल्यांवर. भाकर घ्या म्हणणारी ती बाई डोक्यावर हात धरून वाकली तर तिच्या हातांवर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळल्या तुरकाठीसारखा. ज्या म्हाताऱ्यानं तुझं उष्टं खाल्लं होतं तो आपल्या रांगेतून उठून मध्ये पडला, त्याला त्याच्याच पुतण्यानं ढकललं. मग दोघांनी लाकडं घालून डेग उलथवली.

पाण्यानं भाजलं तर पाणी ओघळून जातं. दाट सार चिकटतं. तुझ्या दोन्ही पायांवर घोट्यापर्यंत ते बसलं आणि तू ते हातानं ओरबाडून काढलंस तर त्याच्याबरोबर कातडी आली. तू ओरडली नाहीस. तू वळून बघितलंस, आणि तेवढ्यात सेक्रेटरी यादी काखेत धरून पळत आला, "आरं थांबा, थांबा" करत. यादी बघून तुझ्या डोक्यात जे आलं ते माझ्याही डोक्यात त्याच क्षणी आलं. तिघांतला तो एक. यादी त्याच्याकडे. तू उलथनं दोन्ही हातांनी उचललंस आणि त्याच्या तोंडावर घातलंस.

मी चार पावलांवर उभी होते. मला ओरडता आलं असतं. नुसतं 'अक्का, मी' एवढं म्हटलं असतं तरी तुझा हात थांबला असता, किंवा फिरला असता माझ्याकडे. मी पुस्तक छातीशी धरून उभी राहिले. त्याचे ते दात सांडलेल्या सारात पडले. खाली बसून तो चिखलात चाचपत होता, दात शोधत होता, आणि त्याच्या तोंडातून नुसता बुडबुड्यांसारखा आवाज येत होता.

तो बीडच्या दवाखान्यात असताना डायरेक्टरनं प्रकरण दाबलं. तुझं गेस्ट हाऊस सुटलं. पुस्तक तू स्वतः चुलीत घातलंस, एकेक पान नाही, अख्खं. तुझ्या पायांना मी कोरफड लावायची तेव्हा तू वरच्या आढ्याकडे बघत असायचीस. मी रोज ठरवायची, आज सांगू. पहिले काही दिवस तुझ्या पळीची भीती वाटली. मग तू मला घराबाहेर काढशील याची वाटली, कारण तुझ्याशिवाय माझं त्या घरात कोण होतं? पुढे नुसती लाज उरली.

तो परत आला तेव्हा जबडा वाकडा जुळला होता. भाकर चावता येईना. तू मला म्हणालीस, "सार कर. दाट. गाळून घे. आन् तू नेऊन दे."

"मी? तुमी पाठवा की कुणाच्या हातून."

"तूच."

आधी रोज. मग गावात त्याचं लग्न झालं, बायको पेज-खिमट करू लागली, तेव्हा दर सोमवारी. तुझे पाय बरे झाले, तरी तू गेली नाहीस. मी पितळी डबा घेऊन जायची, त्याच्या ओट्यावर ठेवायची. तो म्हणायचा, "ठिव." मी रिकामा डबा घेऊन यायची. मला वाटायचं, अक्काला पश्चात्ताप झालाय पण तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून मला पाठवते. खरं सांगू? तुझी थोडी कीवही यायची. माझी मुलं झाली, तुझा नवरा गेला, माझा गेला, त्याची बायको गेली, कारखाना आजारी पडला, पुन्हा दोनदा तसेच दुष्काळ आले. सोमवार चुकला नाही. माझ्या बाळंतपणात मात्र तू डबा थांबवलास, दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाहीस. तेव्हाही मला काही कळलं नाही. किती मठ्ठ असावं माणसानं.

शेवटच्या आठवड्यात तुला गिळता येईना. मी तेच सार चमच्यानं भरवत होते. तू दात आवळून घेतलेस आणि हाताच्या फटक्यानं वाटी उडवलीस. भिंतीवर ओघळ गेला. म्हटलं, मरताना तरी मारू नका. तू माझं मनगट धरलंस, जिथे पळी मारली होती तिथेच, आणि विचारलंस, "काई सांगायचंय का तुला?"

"न्हाई," मी म्हटलं.

तू हात सोडलास. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. दोन दिवसांनी गेलीस.

परवा सोमवार होता. सुतकात चूल शेजारच्यांकडची, तरी मी मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि सार केलं. सेक्रेटरी आता ऐंशीच्या पुढे गेला, एका डोळ्यानं कमी दिसतं. मी डबा ठेवला. तो म्हणाला, "ठिव." मी निघाले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टँकर, डायरेक्टरची सून, माझा माज. तुमचे दात माझ्यामुळे गेले, भाऊ. अक्कानं चुकीच्या माणसाला मारलं, आणि मी बघत उभी राहिले.

त्यानं डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"मला ठावं हाय," म्हणाला.

"कधीपासून?"

"मी दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यापासून. अक्का रातीची आलती. पाय फडक्यात बांधलेले, रांगतच आली. डायरेक्टरच्या सुनंनं तिला तोंडावर सांगितलं व्हतं, तुज्याच घरातून कळलं मनून. माज्या पायावर डोकं ठिवलं. मी मनलं, त्या पोरीला काय करणार? तर मनली, मारणार न्हाई. तिच्या हातानं तुमाला सार देत जाईन. ज्या दिवशी ती आपल्या तोंडानं सांगंल, त्या दिवशी डबा बंद."

मी खाली बसले.

"मी दर सोमवारी वाट बघायचो," तो म्हणाला. "दोन-चार वरसांनी मीच तिला मनलं, आता सोडा. लेकुरवाळी झाली. तर माज्या आंगावर धावली. मनली, तिला न्हाई सांगता आलं तर ती आतून सडंल. मी आसंस्तोवर तिला नेऊ द्या."

अक्का, मला तुझा इतका राग आला की मी तो डबा उचलून त्याच्या ओट्यावर आपटला. पन्नास वर्षं. पन्नास वर्षं तू माझ्यासमोर बसून मिठावरून भांडलीस, माझ्या लेकीची वेणी घातलीस, माझ्या नवऱ्याच्या तिरडीला माझ्या पाठीशी उभी राहिलीस, आणि मनात हे ठेवून होतीस. त्यापेक्षा उलथनं घातलं असतंस. दोन दात गेले असते, दोन महिन्यांत विसरले असते. तुला मारायचं येत होतं ना? मग एकदा मारायचंस.

आणि शेवटी विचारलंस तेव्हा तुला मला सोडवायचं होतं. मी नाही म्हटलं. ते 'नाही' ऐकून तू गेलीस. हे मला आता दुरुस्त करता येत नाही. मी सांगितलं, पण दहा-अकरा दिवस उशिरा आणि दुसऱ्याला. तुझ्या तोंडावर सांगायचं ते राहिलं. म्हणून इथे लिहिते, ऐकू येत असेल तर ऐक. मीच सांगितलं होतं, अक्का.

सेक्रेटरीनं सांडलेलं सार बोटानं पुसून तोंडात घातलं. वाकड्या जबड्यानं तो हसतो की रडतो ते मला कधीच कळलेलं नाही. "आता सुटलीस तू," म्हणाला. "डबा बंद."

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत गेले. मागून तो म्हणाला, "पण बाई, येक इचारू? पुढल्या सोमवारी मी खाऊ काय?"

मी परत आले, डबा घेतला. आपटून त्याला आलेला पोचा घरी येऊन बोटानं चाचपला. सोमवारी सार नेणार आहे. मीठ शेवटी घालीन.